रशियन साम्राज्यातील फौजदारी न्यायालये आणि रोजचे गुन्हे (१८६१–१९१७) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झारकालीन रशियाचा इतिहास म्हणजे क्रांतिकारक, बॉम्ब आणि सैबेरिया, असेच आपण वाचत आलो आहोत. त्यात साध्या चोराचे काय?

ही तक्रार रास्त आहे. राजकीय खटल्यांवर इतके लिहिले गेले आहे की जंगलातले झाड तोडणारा शेतकरी, परवान्याची मुदत संपूनही शहरात राहणारी मोलकरीण किंवा दारूच्या नशेत शेजाऱ्याचे डोके फोडणारा गाडीवान यांचे खटले त्याखाली दडपून गेले. वास्तविक न्यायालयांचा बहुतेक वेळ याच लोकांत जात असे. कायद्याने ज्याला गुन्हा म्हटले ते सगळे लोकांना गुन्हा वाटत नव्हते, आणि लोकांना जे अक्षम्य वाटे त्याबाबत कायदा त्यांना पुरेसा कठोर वाटत नव्हता. ही दोन मापे न्यायालयात एकमेकांसमोर येत. लोकांचे माप वरचढ ठरते आहे असे दिसले की सरकार तेवढ्या प्रकारचे खटले त्या न्यायालयाकडून काढून घेई. पुढील उत्तरांत हाच धागा वेगवेगळ्या ठिकाणी दिसेल.

१८६४ पूर्वी फौजदारी खटला कसा चालत असे?

बंद दाराआड आणि कागदावर. सरदार, व्यापारी आणि शेतकरी यांच्यासाठी न्यायालये वेगवेगळी होती. तपास पोलीस करत. न्यायाधीशांसमोर आरोपी आणि साक्षीदार यांच्याऐवजी कारकुनांनी तयार केलेली टिपणे येत. कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे हे कायद्यातच ठरलेले होते, आणि आरोपीची कबुली हा सर्वांत श्रेष्ठ पुरावा मानला जाई. साहजिकच कबुली मिळवण्याकडेच तपासाचा सगळा ओढा असे. पुरावा अपुरा पडला तर आरोपीला निर्दोष न ठरवता ‘संशयाखाली’ सोडून देण्याची सोय होती. अशा माणसाला शिक्षा होत नसे, पण डागही पुसला जात नसे. लाचखोरी तर इतकी रुळलेली होती की तिच्याबद्दल कोणाला आश्चर्यही वाटत नसे.

याखेरीज १८६१ पर्यंत देशात सव्वादोन कोटींच्या आसपास माणसे जमीनदारांच्या मालकीची भूदास होती. त्यांच्या किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा जमीनदार किंवा त्याचा कारभारी वाड्याच्या अंगणातच करी. भूदासपद्धती संपली तेव्हा हे खासगी न्यायदानही संपले. आता कोट्यवधी लोकांचा न्याय करायचा कोणी, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. न्यायसुधारणेमागे उदारमतवादी विचार होता हे खरे, पण ही व्यावहारिक निकडही तितकीच होती.

१८६४ च्या सुधारणेने नेमके काय बदलले?

सम्राट अलेक्झांडर दुसरा याने २० नोव्हेंबर १८६४ रोजी न्यायविषयक नव्या कायद्यांवर सही केली. त्यामुळे खटले उघड्या न्यायालयात आणि तोंडी चालू लागले. न्यायाधीशांना मनमानी पद्धतीने काढून टाकता येईना, वकिलांची स्वतंत्र संघटना उभी राहिली, पूर्वतपास पोलिसांकडून काढून तपासी न्यायाधीशांकडे देण्यात आला आणि गंभीर गुन्ह्यांसाठी ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंचमंडळ, आली. खटल्यांचे वृत्तान्त वर्तमानपत्रांत सविस्तर छापता येऊ लागले. ज्या देशात संसद नव्हती आणि सभाबंदी होती, तिथे सरकारी अधिकाऱ्याच्या वर्तनावर जाहीरपणे बोलण्याची जवळजवळ एकमेव जागा म्हणजे न्यायालय, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली. नवी न्यायालये १८६६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग आणि मॉस्को येथे सुरू झाली. उरलेल्या साम्राज्यात ती पोहोचायला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

किरकोळ चोरी किंवा मारामारी करणारा माणूस कोणापुढे उभा राही?

ते तो कोण आहे आणि कुठे राहतो यावर अवलंबून होते. शहरातला माणूस असेल तर तो बहुधा ‘मिरोवोय सुद्या’ म्हणजे शांतता न्यायाधीशापुढे येई. हा न्यायाधीश स्थानिक निवडून आलेल्या मंडळाने, म्हणजे झेम्स्त्वोने किंवा सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को या दोन राजधानीच्या शहरांत नगरसभेने, तीन वर्षांसाठी निवडलेला असे. त्याचे वय किमान २५ असावे लागे आणि शिक्षण व मालमत्तेच्या अटी असत. तीनशे रुबलपर्यंतचा दंड, तीन महिन्यांपर्यंतची अटक किंवा एक वर्षापर्यंतची कैद एवढा त्याचा फौजदारी अधिकार होता. पंधरा रुबलपर्यंतचा दंड आणि तीन दिवसांपर्यंतची अटक असेल तर त्याचा निकाल अंतिम असे. त्याहून मोठ्या शिक्षेविरुद्ध जिल्ह्यातील शांतता न्यायाधीशांच्या बैठकीकडे अपील करता येई.

तक्रार तोंडी सांगितली तरी चाले आणि वकील लागत नसे. गळ्यात पदाची साखळी घातलेला न्यायाधीश स्वयंपाकिणीला आणि सेनापतीला सारखेच अहो-जाहो करी. ज्यांचे सगळे आयुष्य अरे-तुरे ऐकण्यात गेले होते त्यांना याचे अप्रूप वाटले आणि सरदारवर्गातील अनेकांना तो अपमान वाटला. सुरुवातीच्या वर्षांत या न्यायाधीशांच्या खोल्या बघ्यांनी भरून जात, कारण नोकराला थोबाडीत मारल्याबद्दल मालकाला दंड होतो हे दृश्य याआधी कोणी पाहिलेच नव्हते. त्यांच्यापुढे येणारी प्रकरणे म्हणजे शिवीगाळ, रस्त्यावरचा दंगा, भीक मागणे, मापात पाप, विनापरवाना दारूविक्री, लाकूडचोरी आणि तीनशे रुबलपर्यंतची साधी चोरी. साम्राज्यातील सामान्य माणसाचा कायद्याशी पहिला सरळ संबंध इथे आला, असे माझे मत आहे. ज्युरीचे खटले गाजले, पण सवय लावली ती या लहान न्यायालयांनी.

मग शेतकऱ्यांसाठी वेगळे न्यायालय का ठेवले?

१८६१ मध्ये मुक्त झालेल्या शेतकऱ्यांसाठी दर वोलोस्तात, म्हणजे काही गावे मिळून होणाऱ्या तालुकावजा विभागात, एक न्यायालय स्थापन झाले. न्यायाधीश शेतकऱ्यांनीच आपल्यातून निवडायचे होते आणि निवाडा मुख्यतः स्थानिक रूढीनुसार द्यायचा होता. तीन रुबलपर्यंतचा दंड, सात दिवसांपर्यंतची अटक, सहा दिवसांपर्यंतचे सार्वजनिक काम किंवा वीसपर्यंत फटके अशा शिक्षा ते देऊ शकत. याचा अर्थ असा की उर्वरित समाज फटक्यांच्या शिक्षेतून हळूहळू बाहेर पडत असताना शेतकऱ्याची पाठ मात्र कायद्याने उघडीच राहिली. १८६३ च्या फर्मानाने शारीरिक शिक्षा मोठ्या प्रमाणावर कमी केल्या, शरीरावर डाग देणे बंद केले आणि स्त्रियांना फटक्यांतून जवळजवळ पूर्ण सूट दिली. वोलोस्त न्यायालयाचे पुरुषांना फटके देणे थांबले ते थेट १९०४ मध्ये, युवराजाच्या जन्मानिमित्त निघालेल्या जाहीरनाम्याने.

या न्यायालयांची कीर्ती वाईट होती. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेटर (सिनेट म्हणजे साम्राज्याचे सर्वोच्च न्यायालय) ल्युबोश्चिन्स्की यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने अनेक प्रांतांत फिरून साक्षी घेतल्या. निवाडा वोदकाच्या बाटलीवर ठरतो आणि सगळे काही वोलोस्तचा लेखनिक चालवतो, अशा तक्रारी त्यात वारंवार आहेत. तरीही शेतकरी तिथे जात राहिले, कारण ते न्यायालय जवळ होते, स्वस्त होते आणि न्यायाधीशांना त्यांची भाषा व त्यांचे भांडण दोन्ही ठाऊक होते. आपल्याकडील गावपंचायतीविषयी वाचलेल्या वाचकाला ही द्विधा अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

गावकऱ्यांच्या लेखी कोणता गुन्हा मोठा होता?

घोडेचोरी. नांगरणीच्या तोंडावर एकुलता एक घोडा गेला तर कुटुंबाचे ते वर्ष बुडाले आणि पुष्कळदा ते कुटुंबच मजुरीला लागले. घोडेचोरांच्या साखळ्या जनावर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाजारात पोहोचवत आणि पोलिसांचे संख्याबळ पाहता ते परत मिळण्याची आशा जवळजवळ नसे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही बहुधा साधी चोरी होती आणि चोर काही महिन्यांनी सुटून पुन्हा गावाच्या आसपास दिसू लागे. म्हणून घोडेचोर सापडला की गाव त्याला पोलिसांच्या हवाली न करता स्वतःच मारी आणि पुष्कळदा ठार मारी. याला ‘समोसूद’ म्हणजे स्वतःच केलेला न्याय म्हणत. मारेकरी ठरवून एकत्र येत, जेणेकरून एकावर दोष येऊ नये.

गावातल्याच भुरट्या चोराची रीत निराळी होती. चोरलेली कोंबडी किंवा कापडाचा तागा गळ्यात बांधून, डबे-झाकणे बडवत त्याची गावभर धिंड काढत, आणि शेवटी त्याच्याच खर्चाने सगळ्यांना दारू पाजून प्रकरण मिटवत. त्याला गावातच राहायचे होते, त्यामुळे लाजवणे आणि परत सामावून घेणे ही दोन्ही कामे त्या एका धिंडीत होत.

उलट बाजूने पाहिले तर जमीनदाराच्या किंवा सरकारच्या जंगलातून लाकूड तोडणे शेतकऱ्याला चोरी वाटत नसे. झाड कोणी लावले नाही, ते देवाचे आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. मात्र तोडून रचून ठेवलेली मोळी उचलणे त्यालाही चोरीच वाटे, कारण त्यात कोणाचे तरी कष्ट होते. या साध्या तत्त्वावर लाकूडतोडीचे असंख्य खटले उभे राहिले, आणि दंड भरून माणसे पुन्हा जंगलात गेली.

आग लावणे हा गावाला सर्वांत भिववणारा सूड होता. लाकडी घरे आणि गवताची छपरे असल्यामुळे एका माणसाच्या रागात सारे गाव जळू शके. ज्याच्यावर असा संशय असे त्याच्याशी कोणी उघड वैर घेत नसे, म्हणून साक्षीदार मिळत नसत.

ज्युरीत कोण बसत असे? निरक्षर शेतकरीही बसत, हे खरे का?

खरे आहे. २५ ते ७० वर्षे वयाचे, त्या जिल्ह्यात किमान दोन वर्षे राहिलेले पुरुष ज्युरीसाठी पात्र होते. मालमत्तेची अट होती, पण गावचा मुखिया, वोलोस्तचा प्रमुख किंवा वोलोस्त न्यायाधीश म्हणून निर्दोषपणे काम केलेल्या शेतकऱ्यांना त्या अटीशिवाय घेता येई. सुरुवातीची अनेक वर्षे साक्षरतेची अट नव्हती. परिणामी राजधान्यांत अधिकारी आणि व्यापारी, तर प्रांतांत बहुसंख्येने शेतकरी, असे ज्युरीचे चित्र दिसे. प्रत्येक खटल्यात बारा सदस्य आणि दोन राखीव असत. निर्णय बहुमताने होई आणि मते समसमान पडली तर निकाल आरोपीच्या बाजूने जाई. याच्या पुढेही एक तरतूद होती. ज्युरीने निरपराध माणसाला दोषी ठरवले आहे असे तिन्ही न्यायाधीशांना एकमताने वाटले, तर ते खटला नव्या ज्युरीकडे पाठवू शकत. दोषी सुटला असे वाटल्यास मात्र त्यांना तसा अधिकार नव्हता.

हे काम बिनपगारी होते. शंभर-दीडशे किलोमीटर पायी येऊन आठवडाभर शहरात राहणे शेतकऱ्याला परवडत नसे, आणि फावल्या वेळात मोलमजुरी करणारे ज्युरीसदस्य ही काही अपवादात्मक गोष्ट नव्हती. काही झेम्स्त्वोंनी भत्ता देऊ केला, पण सिनेटने १८७० च्या दशकात ते बेकायदा ठरवले. सरकारी भत्ता मिळू लागला तो १९१३ मध्ये.

आरोपीने गुन्हा कबूल केला तरी ज्युरी त्याला सोडून देई, ते कसे?

कारण तिला विचारला जाणारा प्रश्नच तीन भागांत होता : गुन्हा घडला का, तो आरोपीने केला का, आणि त्याबद्दल तो दोषी आहे का. पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर देण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. ‘दोषी, पण दयेस पात्र’ असेही सांगता येई, आणि ते अनेकदा सांगितले जाई.

ज्युरीच्या खटल्यांत एक तृतीयांशाहून अधिक आरोपी सुटत. ज्युरीविना चालणाऱ्या खटल्यांपेक्षा हे प्रमाण जास्त होते, आणि त्यावरून विरोधकांनी ज्युरीला ‘रस्त्यावरचे न्यायालय’ म्हणून हिणवले. तथापि कोणते आरोपी सुटतात हे पाहिले की त्यामागची संगती दिसते. देवळातील चोरी, घोडेचोरी आणि दरोडा यांत शेतकरी ज्युरी कठोर असे. बनावट किंवा मुदत संपलेला पासपोर्ट बाळगल्याच्या खटल्यांत ती आरोपींना सर्रास सोडून देई, कारण शेतकऱ्याला गाव सोडून कामाला जायचे तर पासपोर्ट लागे, आणि तो काढण्यात काय अडचणी येतात हे ज्युरीतल्या प्रत्येकाने अनुभवलेले असे.

कुलूप तोडून केलेल्या चोरीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. भुकेपोटी एखाद्याने कोठाराचे कुलूप तोडून पीठ नेले, तरी तो गुन्हा वरच्या न्यायालयात जाई आणि त्याला नागरी हक्क गमावण्यासह जबर शिक्षा होती. शिक्षेबद्दल ज्युरीसमोर बोलण्यास न्यायाधीश आणि वकील दोघांनाही मनाई होती आणि ही मनाई १९१० पर्यंत टिकली. पण एकाच सत्रात दहा-बारा खटले ऐकणाऱ्या ज्युरीला पहिल्या एक-दोन निकालांतच शिक्षेचा अंदाज येई. मग ती पुढच्यांना सोडू लागे. शेवटी १८८२ मध्ये सरकारने अशा चोऱ्यांची शिक्षा कमी करून त्यांतील बऱ्याच शांतता न्यायाधीशांकडे दिल्या. अशिक्षित ठरवलेल्या ज्युरीने इथे दंडसंहितेतील दोष दाखवून दिला आणि विधिमंत्रालयाला तो मान्य करावा लागला. ज्युरीच्या भावनाशीलतेवर टीका करणारे हे उदाहरण सहसा देत नाहीत.

वेरा झासुलिचचा खटला इतका महत्त्वाचा का मानतात?

जुलै १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गचा शहरप्रमुख जनरल फ्योदोर त्रेपोव तुरुंगाच्या पाहणीस गेला असता बोगोल्युबोव नावाच्या राजकीय कैद्याने टोपी काढली नाही, म्हणून त्याने त्याला फटके मारवले. २४ जानेवारी १८७८ रोजी वेरा झासुलिच ही तरुण क्रांतिकारक अर्जदार म्हणून त्रेपोवच्या कार्यालयात गेली आणि तिने त्याच्यावर गोळी झाडली. तो जखमी झाला. ती पळाली नाही आणि तिने काहीही नाकारले नाही.

राजकीय गुन्हे मुळातच ज्युरीच्या कक्षेबाहेर होते. पण पुरावा इतका सरळ आहे की राजकारणाचा उल्लेखही न करता साधा खुनाचा प्रयत्न म्हणून खटला चालवला तर ज्युरीच तिला दोषी ठरवील, असा हिशेब कायदामंत्री पालेन यांनी केला. दोषी ठरवण्याची हमी त्यांनी अध्यक्षस्थानी असणाऱ्या न्यायाधीश अनातोली कोनी यांच्याकडे मागितली आणि कोनी यांनी ती दिली नाही. दोन सरकारी वकिलांनी हा खटला चालवण्यास नकार दिला. ३१ मार्च रोजी बचावाचे वकील प्योत्र अलेक्सान्द्रोव यांनी ज्युरीसमोर त्रेपोवच्या फटक्यांचीच कहाणी मांडली. ज्युरीत बहुसंख्य मध्यम दर्जाचे सरकारी नोकर होते, म्हणजे वरिष्ठांची मर्जी आणि लहर काय असते हे चांगले जाणणारे लोक. त्यांनी झासुलिचला निर्दोष ठरवले. तिला पुन्हा पकडण्याचे प्रयत्न झाले, पण ती परदेशी निसटली. पालेन यांचे मंत्रिपद गेले. कोनी यांना काही वर्षांनी फौजदारी कामातून दिवाणी विभागात हलवण्यात आले.

मग सरकारने ज्युरी रद्दच का केली नाही?

तसे केले असते तर सुधारणा फसली हे जगापुढे मान्य करावे लागले असते. त्याऐवजी एकेक फांदी छाटण्यात आली. झासुलिचच्या निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, ९ मे १८७८ च्या कायद्याने, अधिकाऱ्यांविरुद्धचे गुन्हे ज्युरीकडून काढून घेतले. अलेक्झांडर दुसऱ्याच्या हत्येनंतर, १४ ऑगस्ट १८८१ च्या ‘असाधारण संरक्षण’ नियमांनी राज्यपालांना प्रशासकीय हद्दपारीचा आणि खटले लष्करी न्यायालयांकडे सोपवण्याचा मार्ग खुला केला. हे नियम तात्पुरते म्हणून आले आणि नूतनीकरण होत होत १९१७ पर्यंत राहिले. १८८९ मध्ये ज्युरीचे कार्यक्षेत्र आणखी आकसले. त्याच वर्षी मोठ्या शहरांचा अपवाद वगळता शांतता न्यायाधीश बहुतेक ठिकाणी रद्द झाले. त्यांच्या जागी सरदारवर्गातून नेमलेले ‘झेम्स्की नाचाल्निक’ आले, ज्यांच्या हाती कारभार आणि न्यायदान दोन्ही होते. शेतकऱ्याला ते सुनावणीशिवायही तीन दिवसांपर्यंत अटकेत ठेवू शकत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी वाड्याच्या अंगणातून उठलेला न्याय पुन्हा त्याच वर्गाच्या हाती गेला. शांतता न्यायाधीश परत आणण्याचा कायदा १९१२ मध्ये झाला, तोही टप्प्याटप्प्याने अमलात यायचा होता.

ज्युरी नेहमी न्यायाच्याच बाजूने असे का?

नाही, आणि तिचे गोडवे गाताना हे विसरणे योग्य नाही. १८७९ मध्ये नोव्हगोरोद प्रांतातील व्राचेवो गावात गावकऱ्यांनी एका विधवेला चेटकीण ठरवून तिच्या झोपडीत कोंडून जाळले. सतरा जणांवर खटला चालला. तिघांना धार्मिक प्रायश्चित्ताची शिक्षा झाली आणि बाकीचे सुटले. गावाचा न्याय आणि ज्युरीचा न्याय इथे एकच झाला.

१८९२ मध्ये सुरू झालेल्या, रशियातील मुल्तान नावाच्या गावाच्या खटल्यात उद्मुर्त जमातीच्या शेतकऱ्यांवर देवाला नरबळी दिल्याचा आरोप होता. दोन ज्युरींनी त्यांना दोषी ठरवले आणि दोन्ही निकाल कार्यपद्धतीतील दोषांमुळे सिनेटने फिरवले. पत्रकार व लेखक व्लादिमीर कोरोलेन्को यांनी हे प्रकरण वर्तमानपत्रांतून धसास लावले आणि तिसऱ्या ज्युरीने १८९६ मध्ये सर्व आरोपींना मुक्त केले.

कीव येथील मेंडेल बेइलिस यांचा खटला याच वाटेवरचा. १९११ मध्ये आंद्रेई युश्चिन्स्की या मुलाचा खून झाला आणि यहुद्यांनी धर्मविधीसाठी तो केला, असा आरोप विटांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या बेइलिस यांच्यावर ठेवण्यात आला. कायदामंत्री श्चेग्लोवितोव यांचा या आरोपाला पाठिंबा होता. १९१३ मध्ये बहुतांशी शेतकऱ्यांच्या ज्युरीने बेइलिस यांना निर्दोष ठरवले. मात्र खून त्या कारखान्याच्या आवारातच झाला, या सरकारी म्हणण्याला तिने होकार दिला होता. त्यामुळे दोन्ही पक्षांना विजयाचा दावा करता आला.

साध्या खुनाला फाशी होती का?

नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यात सम्राज्ञी एलिझाबेथच्या काळात सामान्य गुन्ह्यांची फाशी व्यवहारात थांबली. तिच्या जागी आलेल्या चाबकाच्या शिक्षेने माणसे मरत, त्यामुळे ही दया बरीचशी कागदावरची होती. तो जाडजूड चाबूक, म्हणजे ‘क्नूत’, १८४५ मध्ये रद्द झाला. त्यानंतर खुन्याला कातोर्गा म्हणजे सक्तमजुरी आणि त्यानंतर सैबेरियात कायमची वस्ती अशी शिक्षा होई. मृत्युदंड राहिला तो राजद्रोहासारख्या गुन्ह्यांसाठी आणि लष्करी न्यायालयांपुरता. म्हणूनच १९०६ चा बदल इतका धक्कादायक ठरला : पंतप्रधान स्तोलीपिन यांच्या सरकारने ऑगस्टमध्ये रणभूमी न्यायालये नेमली. तिथे बंद दाराआड, वकिलाशिवाय, दोन दिवसांत निकाल आणि चोवीस तासांत अंमलबजावणी होई. आठ महिन्यांत हजाराहून अधिक लोकांना मृत्युदंड दिला गेला, आणि त्यांत राजकीय आरोपींबरोबर सशस्त्र दरोडेखोरही होते.

सैबेरियात पाठवले जाणारे सगळे न्यायालयाने दोषी ठरवलेले असत का?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात आठ लाखांहून अधिक लोक सैबेरियात हद्दपार झाले. त्यांतील मोठ्या हिश्श्याला कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिलेली नव्हती. गावच्या पंचायतीला नकोशा सदस्याला हद्दपार करण्याचा ठराव करता येई, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसाला परत घेण्यास नकारही देता येई. राजकीय हद्दपारीबद्दल आपण जितके वाचतो त्याच्या तुलनेत या गावठरावांबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे. १९०० च्या कायद्याने ही पद्धत बरीच आवळली. साखालिन बेट १८६९ पासून कातोर्गाची जागा होते आणि रशिया-जपान युद्धानंतर ते तसे राहिले नाही.

पोलीस कितपत प्रभावी होते?

झारशाही म्हणजे पोलीसराज्य, ही समजूत गावाच्या पातळीवर टिकत नाही. १८७८ मध्ये ४६ प्रांतांच्या ग्रामीण भागासाठी पाच हजार उर्याद्निक, म्हणजे ग्रामीण फौजदार, नेमले गेले. त्या अफाट मुलखात ही संख्या नगण्य होती, आणि त्या फौजदाराकडे करवसुलीपासून विहिरींच्या स्वच्छतेपर्यंत सगळी कामे होती. शहरांत स्थिती थोडी बरी होती : सेंट पीटर्सबर्गमध्ये १८६६ पासून गुप्तहेर शाखा होती आणि इव्हान पुतीलिन तिचे पहिले प्रमुख होते. १९०८ च्या कायद्याने ८९ शहरांत अशा शाखा निघाल्या.

शहरातील गुन्हेगारीचे स्वरूप काय होते?

सेंट पीटर्सबर्गच्या सेन्नाया बाजाराजवळील वस्त्या आणि मॉस्कोचे खित्रोव मार्केट ही खिसेकापू, चोरीचा माल घेणारे आणि एका रात्रीपुरता निवारा शोधणारे मजूर यांची ठिकाणे होती. गावातून आलेल्या माणसाची नोकरी गेली, मग पासपोर्टची मुदत संपली, मग तो या निवाऱ्यात पोहोचला आणि तिथून न्यायाधीशापुढे, ही साखळी खटल्यांत पुन्हा पुन्हा दिसते. दुसरे टोक प्रतिष्ठितांचे. १८७४ मध्ये मॉस्कोच्या ज्युरीने मठाधिपती मित्रोफानिया या जन्माने सरदार असलेल्या साध्वीला बनावट हुंड्यांच्या प्रकरणात दोषी ठरवले, आणि १८७७ मध्ये ‘बदाम गुलाम मंडळ’ या नावाने ओळखल्या गेलेल्या ठकांच्या टोळीचा खटला गाजला. तिच्यात सरदार घराण्यांतील तरुण होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मात्र वर्तमानपत्रांचे लक्ष रस्त्यावर शिट्ट्या मारणाऱ्या, धक्के देणाऱ्या, चाकू काढणाऱ्या तरुणांकडे वळले. त्यांना ‘हुलिगन’ म्हटले जाऊ लागले. गुन्हे खरोखर किती वाढले यापेक्षा मध्यमवर्गाची भीती किती वाढली, हे त्या बातम्यांतून अधिक कळते.

स्त्रियांचे खटले वेगळे असत का?

विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतंत्र पासपोर्ट मिळत नसे, त्यामुळे मारहाणीला कंटाळून घर सोडणारी स्त्री आपोआप कायद्याबाहेर जाई. वोलोस्त न्यायालये तिला बहुधा नवऱ्याकडे परत पाठवत, क्वचित नवऱ्याला दटावत. नवजात अर्भकाच्या हत्येच्या खटल्यांत ज्युरी सहसा सौम्य असे. १८७६ मध्ये सावत्र मुलीला खिडकीतून खाली टाकणाऱ्या गरोदर कोर्निलोवाला आधी शिक्षा झाली. मुलगी वाचली होती. लेखक दोस्तोयेव्स्की यांनी गरोदरपणातील मनःस्थितीचा मुद्दा जाहीरपणे मांडला आणि १८७७ च्या फेरसुनावणीत ती सुटली.

ही व्यवस्था साऱ्या साम्राज्यात सारखी होती का?

नाही. पोलंड, काकेशस आणि बाल्टिक प्रांतांत नवी न्यायालये आली पण ज्युरी आली नाही, कारण तिथल्या जनतेवर सरकारचा विश्वास नव्हता. तुर्कस्तानात, म्हणजे आजच्या मध्य आशियात, स्थानिकांचे आपसांतील बरेचसे खटले काझी आणि भटक्या जमातींचे ‘बी’, म्हणजे जमातीतले न्यायनिवाडे करणारे, यांच्याकडेच राहिले. मात्र ही पदे रशियनांनी निवडणुकीची केली आणि गंभीर गुन्हे स्वतःकडे घेतले.

मुंबईतील ज्युरीशी याची तुलना करता येईल का?

एका मुद्द्यापुरती करता येते. मुंबईच्या उच्च न्यायालयात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला ज्युरीपुढे चालला. सात युरोपीय सदस्यांनी त्यांना दोषी आणि दोन भारतीय सदस्यांनी निर्दोष ठरवले, आणि सात विरुद्ध दोन मतांवर सहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटिशांना राजद्रोहाचा खटला ज्युरीपुढे नेता आला, कारण ज्युरीत कोणाचे बहुमत असेल हे त्यांच्या हाती होते. झारच्या सरकारकडे तशी परकी ज्युरी नव्हती. ज्युरीत बसणारे त्याचेच प्रजाजन आणि नोकर होते, म्हणून त्याला खटलेच हलवावे लागले.

पुस्तकांत तारखा वेगवेगळ्या का दिसतात?

रशियात १९१८ पर्यंत ज्युलियन पंचांग चालू होते. एकोणिसाव्या शतकातील तारखेत १२ आणि विसाव्या शतकातील तारखेत १३ दिवस मिळवले की आपली तारीख येते. या पानावरील रशियातील तारखा तिथल्या तत्कालीन पंचांगाप्रमाणे आहेत.

१९१७ मध्ये या न्यायालयांचे काय झाले?

फेब्रुवारी क्रांतीत पेत्रोग्रादच्या (म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या) लितेइनी मार्गावरील जिल्हा न्यायालयाची इमारत जाळली गेली आणि तुरुंग फोडले गेले. हंगामी सरकारने ज्युरी आणि शांतता न्यायाधीश दोन्ही ठेवले. नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांच्या न्यायालयविषयक पहिल्या फर्मानाने १८६४ ची सारी न्यायालये आणि वकीलसंघटना विसर्जित झाल्या, आणि त्यांच्या जागी एक न्यायाधीश व दोन सहायक यांची स्थानिक न्यायालये व क्रांतिकारी न्यायाधिकरणे आली. झासुलिच खटल्याचे न्यायाधीश कोनी देश सोडून गेले नाहीत. जुन्या खटल्यांवर आणि वक्तृत्वावर व्याख्याने देत ते १९२७ पर्यंत जगले. रशियात ज्युरी पुन्हा आली १९९३ मध्ये, सुरुवातीला मोजक्या प्रांतांत. त्यानंतर दहशतवादासारख्या काही प्रकारांचे खटले २००८ च्या कायद्याने तिच्याकडून काढून घेण्यात आले.